जपानच्या खेड्यात पोळी, पाव आणि अळूवडी: पिठाच्या पाकिटावरचा एक आकडा

नमस्कार मंडळी! मी बोलतेय कागावातून. शिकोकू बेटावरचा हा प्रांत जपानमधला सगळ्यात लहान, आणि उदोनसाठी प्रसिद्ध. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड, लुसलुशीत शेवया. आमचं गाव भातखाचरांच्या मधोमध आहे आणि भारतीय सामानाचं दुकान जवळपास नाही. इथे आल्यावर पहिले सहा महिने माझी पोळी बिघडत होती. कधी चिवट, कधी तव्यावरच कडक. जपानमध्ये गावाकडे राहायला येणार असाल, तर तुमचे ते सहा महिने वाचावेत म्हणून हा व्हिडिओ.

(टेबलावर पिठाची तीन पाकिटं)

ही तिन्ही गव्हाचीच पिठं. तिन्ही पांढरी, आपल्या मैद्यासारखी. हे हाकुरिकिको, हे चूरिकिको, हे क्योरिकिको. नावं आत्ता पाठ नाही झाली तरी चालेल. पाकीट असं उलटं करा आणि 100 ग्रॅमला प्रथिनं किती, तो आकडा बघा. 8 च्या आसपास असेल तर केक आणि नानकटाई. 12 च्या आसपास असेल तर पाव. आणि हे मधलं, साधारण 9 चं, ते उदोनचं पीठ. पोळीसाठी मला हेच सापडलं. त्यात निम्मं झेन्र्यूफुन, म्हणजे कोंड्यासकट दळलेलं पीठ घालते, सैलसर भिजवते आणि अर्धा तास झाकून ठेवते. मी आधी पावाच्या पिठाच्या पोळ्या लाटत होते, मग त्या चिवट होणारच!

इथे उदोनवर इतकं प्रेम आहे की प्रांताने त्यासाठी गव्हाचं स्वतंत्र वाण तयार केलं. त्याचं नाव ‘सानुकी नो युमे’. सानुकी हे या भागाचं जुनं नाव आणि युमे म्हणजे स्वप्न. गव्हाला स्वप्न म्हणणारी माणसं मला फार आवडतात.

आता पाव. इथला मऊ पाव खाल्लात तर विचाराल, हे करतात कसं? त्यात एक युक्ती असते, युदाने. 250 ग्रॅम पिठातलं 50 ग्रॅम बाजूला काढायचं, त्यावर 50 ग्रॅम उकळतं पाणी ओतून पटापट कालवायचं आणि गोळा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा. सकाळी तो उरलेल्या पिठात मळायचा. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हात थांबलाच. अहो, ही तर आपली उकड! गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि पाणी धरून ठेवतो. चिपळूणला आई तांदळाच्या भाकरीचं पीठ याच कारणासाठी उकडून घ्यायची.

उकडीवरून मोदक आठवले. तांदळाचं पीठ घेताना ज्योशिन्को घ्या. शिरातामाको चिकट तांदळाचं असतं, त्याची पारी उभी राहत नाही. ज्योशिन्कोचा तांदूळही आपल्यापेक्षा चिकटच, म्हणून वाटीभर पिठाला पाऊण वाटी पाण्यापासून सुरुवात करा. लागलं तर वाढवता येतं.

इथले घरगुती ओव्हन बहुतेक मायक्रोवेव्हसोबत जोडलेले, लहान. आकडा 250 अंशांचा दिसतो, पण बऱ्याच ओव्हनमध्ये ते तापमान काही मिनिटंच टिकतं आणि मग आपोआप उतरतं. दार उघडलं की आणखी घसरतं. म्हणून हवं त्यापेक्षा 20 ते 30 अंश जास्त तापवून मग पाव आत सरकवा. आणि भारतातला मिक्सर आणू नका. इथे वीज 100 व्होल्टची आहे.

(बाहेर, वाफ्याजवळ)

ही माझी बाग. खरं तर शेजारच्या आजींची जमीन, त्यांनी एक तुकडा मला कसायला दिलाय. बियाणं भारतातून पिशवीत टाकून आणायचं नाही. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ते विमानतळावरच अडतं. इथल्या होम सेंटरमध्ये, म्हणजे घर-बागेच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, भेंडी, कारलं, वांगी, कोथिंबीर सगळ्याचं बी किंवा रोप मिळतं. भेंडीला तर जपानीतही ओकुराच म्हणतात. आजी एका बाबतीत कडक आहेत: टोमॅटो होता त्या वाफ्यात पुढच्या वर्षी वांगं नाही. दोघं एकाच कुळातली, मातीतला रोग तसाच पुढे जातो.

आणि हे बघा, सातोइमो. म्हणजे अळूच! इथे कंद खातात, काही जातींचे देठही खातात, पण आजी पानं बांधावर टाकून द्यायच्या. ते पाहून माझा जीव कळवळला. मी दहा पानं मागून घेतली, चिंच-गूळ-बेसन लावलं, वळकट्या चांगल्या वाफवल्या, तळल्या आणि डबा घेऊन गेले. चिंच टाळू नका, घशाची खाज तिच्यानेच आटोक्यात राहते.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने ऐका. शिकोकूच्या उबदार भागात कुवाझुइमो नावाची विषारी वनस्पती रानात उगवते आणि ती अगदी अळूसारखी दिसते. कंद आपल्या हाताने लावला असेल, त्याचीच पानं खा. ओढ्याकाठची नाही.

आजींनी पहिली वडी हातात फिरवून फिरवून पाहिली. दुसरी न विचारता उचलली. डबा परत आला तो शिशितोच्या कोवळ्या मिरच्या भरून; रिकामा डबा परत करायचा नाही हे इथेही आहे. आणि या वर्षी पानं काढायच्या दिवशी सकाळी साडेसहाला दार वाजलं. आजी उभ्या, हातात विळा, काखेत पानांची जुडी. म्हणाल्या, बेसन आहे ना घरात?