जांघेत लचक भरली? आधी हे ऐका

नमस्कार मंडळी! पावसाळ्यात नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला, शनिवार-रविवारी सिंहगडावर गर्दी उसळली की आमच्या फिजिओथेरपीत जांघ धरून लंगडत येणारी पोरं-पोरी वाढतात. कमरेला ढोल बांधून दोन-दोन तास उभं राहायचं, वर्षभर खुर्चीत बसलेल्या पायांना एकदम गड चढायला लावायचं, मग खुब्याभोवतीचा एखादा स्नायू ताणला जातोच, कधी पाय घसरून मुरगळला तर सांध्याचे लिगामेंटही, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे, दुखावतात.

आणि मग घरोघरी काय होतं, तर लगेच गरम तेल लावून रगडून मालिश! प्लीज नका करू हो. पहिले दोन-तीन दिवस आत सूज असते, रगडल्याने ती वाढू शकते. त्यापेक्षा बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चारदा, आणि पाय जड झाला असेल तर काठी घ्या, पण दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, नव्वद टक्के लोक नेमकी उलट धरतात असं मला तरी दिसतं.

त्यानंतर मात्र झोपून राहू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. स्नायूला भार मिळाला नाही तर तो कमजोरच जुळून येतो आणि पुढच्या वेळी तिथेच परत लचक भरते. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, मध्ये उशी धरा आणि दोन्ही गुडघ्यांनी पाच सेकंद हळूच दाबा, श्वास रोखायचा नाही, असं दहा वेळा. करताना थोडं दुखलं, म्हणजे दहापैकी तीनपर्यंत, तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं समजायचं, आणि कमी करायचं. हे जमलं की पाठीवर झोपून कंबर उचलायचा ब्रिज, मग ओट्याला हात टेकवून एका पायावर उभं राहणं, त्यात दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकत असेल तर कुल्ह्याचा स्नायू अजून कच्चा आहे, टेकडी थांबू दे, सपाट रस्त्यावर चाला.

साधी लचक दोन-तीन आठवड्यांत बरी होते, जास्त फाटलं असेल तर दीड-दोन महिने किंवा जास्तही लागतात. दुखायचं थांबलं म्हणून लगेच ढोल बांधू नका, आधी अर्धा तास वाजवा, दुसऱ्या दिवशी बघा, मग वाढवा.

आणि घरातले आजी-आजोबा पडले, पायावर उभंच राहता येत नसेल, पाय आखूड दिसत असेल किंवा बाहेर वळला असेल, तर तो लचकेचा प्रकार नव्हे, व्यायाम-बियाम काही नको, त्यांना चालवूही नका, ॲम्ब्युलन्स बोलवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटलात नेऊन एक्स-रे काढा.