मरादीची झाडे, ओरंगीच्या गल्ल्या

स्थानिक लोकांनी स्वतः ठरवून केलेल्या कामांची ही काही उदाहरणे आहेत. पहिले उदाहरण आहे आफ्रिकेतल्या नायजर देशातल्या मरादी भागातल्या शेतांचे. बाजरीच्या पिकात आज ठिकठिकाणी झाडे उभी दिसतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मात्र येथे नजर जाईल तिथवर उघडी जमीन होती. वाऱ्याबरोबर येणारी वाळू कोवळी रोपे गाडून टाकत असे आणि शेतकऱ्यांना एकाच हंगामात पुन्हा पुन्हा पेरणी करावी लागे. परदेशी मदतीतून रोपवाटिका उभ्या राहिल्या, वृक्षारोपण झाले आणि लावलेली बहुतेक रोपे मेली.

अशाच एका प्रकल्पावर आलेले ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनाडो यांच्या १९८३ साली लक्षात आले, की शेतातली खुरटी झुडपे ही झुडपे नव्हेतच. तोडलेल्या मोठ्या झाडांच्या बुंध्यांना फुटलेले ते धुमारे आहेत. मुळे जमिनीखाली जिवंत होती आणि शेतकरी दरवर्षी पेरणीपूर्वी ते धुमारे छाटून टाकत होते. आता त्यांतले चार-पाच जोमदार धुमारे राखायचे, बाकीचे काढून टाकायचे आणि राखलेल्यांच्या खालच्या फांद्या वेळोवेळी छाटायच्या, एवढेच काम उरले. त्यासाठी रोपवाटिका लागत नव्हती. कोणते झाड ठेवायचे, किती ठेवायची, हे ज्याचे शेत तोच ठरवत होता. अनेकांनी ‘गाओ’ राखला, कारण हे झाड पावसाळ्यात पाने गाळते, त्यामुळे पिकावर सावली धरत नाही, आणि कोरड्या दिवसांत हिरवे राहून गुरांना पाला व शेंगा पुरवते.

मात्र फ्रेंच वसाहतीच्या काळापासून झाडांवर मालकी सरकारची होती आणि स्वतःच्या शेतातले झाड तोडल्याबद्दलही शेतकऱ्याला दंड होऊ शकत असे. अशा स्थितीत झाड वाढवण्याचे कष्ट कोण घेईल? स्थानिक वनाधिकाऱ्यांनी अंमलबजावणी सैल केली, पुढे धोरणही बदलत गेले आणि राखलेल्या झाडाचे लाकूड आपलेच राहील याची शेतकऱ्यांना खात्री वाटू लागली. आमच्या मते हा बदल छाटणीच्या तंत्राइतकाच मोलाचा आहे. पुढच्या वीस वर्षांत ही पद्धत एका शेतकऱ्याकडून दुसऱ्याकडे जात राहिली. संशोधकांनी उपग्रहचित्रे तपासली तेव्हा नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टर जमिनीवर झाडे परतल्याचे दिसले, आणि त्यातल्या बऱ्याच भागात कोणताही प्रकल्प कधी पोहोचलेला नव्हता.

याच मरादीत १९९१ साली ‘केअर’ या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेच्या साहाय्याने स्त्रियांचे बचतगट सुरू झाले. त्यांना बाहेरून भांडवल दिले गेले नाही. पैसे ठेवण्याच्या लोखंडी पेटीला तीन कुलुपे असतात आणि किल्ल्या तीन वेगवेगळ्या सदस्यांकडे असतात, त्यामुळे पेटी सर्वांसमक्ष, बैठकीतच उघडते. कर्ज कोणाला द्यायचे आणि त्यावर किती आकारायचे, हे गटच ठरवतो, आणि वर्षाअखेरीस जमलेली रक्कम सदस्यांत वाटली जाते. ही पद्धत पुढे आफ्रिकेतल्या आणि आफ्रिकेबाहेरच्या कितीतरी देशांत पसरली.

शहरांत लोकांनी स्वतः काम करण्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण सांडपाण्याची नळी एका घराच्या हद्दीत संपत नाही. कराचीच्या ओरंगी वस्तीत १९८० साली समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांनी काम सुरू केले तेव्हा गटारे सरकारने बांधावीत अशीच रहिवाशांची अपेक्षा होती. त्यांनी कामाची सरळ विभागणी सुचवली: घरातले शौचालय आणि गल्लीतली गटारे रहिवाशांनी स्वतःच्या खर्चाने बांधावीत, मुख्य वाहिन्या आणि शुद्धीकरण सरकारने पाहावे. गल्लीतली वीस-तीस घरे एकत्र येत, आपला प्रमुख निवडत आणि पैसे जमवत. खान यांच्या संस्थेने नकाशे, उतारांची मोजणी, अवजारे आणि देखरेख पुरवली. मधला ठेकेदार वगळला गेल्यामुळे खर्च इतका उतरला, की गरीब कुटुंबांनाही तो झेपला. ओरंगीबरोबरच शहरातल्या इतर वस्त्यांचे आणि नाल्यांचे नकाशे चिकाटीने तयार करवून घेणाऱ्या वास्तुविशारद परवीन रहमान यांची २०१३ साली हत्या झाली.

तरीही ‘समुदायाने ठरवले’ एवढ्याने समाधान मानता येत नाही. समुदायात जमीनदार असतो, तशी सरपणावर जगणारी भूमिहीन स्त्रीही असते. नेपाळने १९९३ च्या वन कायद्याने गावगटांना जंगलाचे व्यवस्थापन सोपवले आणि अनेक डोंगरउतार पुन्हा हिरवे झाले. पण गावगटाच्या समितीने जंगल बंद केले, की कोळशावाचून लोहाराची भट्टी अडे आणि बैठकीत त्याचे म्हणणे क्वचितच ऐकले जाई. पुढे २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी कार्यकारी समितीत निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. जागा मिळाल्याने बोलण्याचे बळ आपोआप येत नाही, पण जागेशिवाय तर ते येऊच शकत नाही.

पैशाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. २०१६ साली इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदारांनी मान्य केले, की आपत्कालीन मदतीतला किमान २५ टक्के निधी २०२० पर्यंत स्थानिक व राष्ट्रीय संस्थांकडे शक्य तितका थेट जाईल. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. छोट्या गटाकडे लेखापरीक्षक नसतो, परकीय भाषेतले लांबलचक अर्ज भरणारे कोणी नसते, म्हणून पैसा मधल्या मोठ्या संस्थांमार्फत येतो आणि त्याबरोबर त्यांच्या अटीही येतात. हिशेब ठेवण्याचा खर्च देणगीदारांनी उचलावा, मदत दोन-तीन वर्षांत आटोपती घेऊ नये आणि अनुभवाने चुकीचा ठरलेला बेत मध्येच बदलण्याचा अधिकार गटाला असावा, अशी या छोट्या गटांची मागणी आहे.