डिंका भाषेतला लांबचा प्रवास

नमस्कार, श्रोतेहो. 'बाबांनी काय विकलं असं आई म्हणाली?' आपल्या या प्रश्नात 'काय' विकण्याजवळच राहतो. दक्षिण सुदानातल्या नाईलकाठच्या डिंका भाषेत मात्र प्रश्नाचा शब्द आतल्या वाक्यातून निघतो आणि थेट सगळ्याच्या आधी येऊन बसतो. आणि येताना वाटेत खुणा ठेवत येतो. पुन्हा सांगते, खुणा ठेवत येतो.

पुण्यात शिकायला आलेला, दक्षिण सुदानातल्या बोर शहराचा एक डिंका तरुण माझ्या ओळखीचा होता. चहाच्या टपरीवर त्याला म्हटलं, "तुझ्या भाषेत विचार बघू, आयेननं कोणता बैल विकला असं देंग म्हणाला?" त्यानं विचारलं. "आता एक बैल नको, पुष्कळ बैल कर." तर वाक्यात 'के' असा एक चिमुकला शब्द शिरला, आणि तोही दोनदा! एकदा विकण्याच्या क्रियापदाआधी, एकदा म्हणण्याच्या. मी वाक्य आणखी लांबवलं, "...असं देंग म्हणाला, असं तुला वाटतं?" आता 'के' तीनदा. तो चहा विसरला. बोटांवर मोजत तेच वाक्य घोळवत राहिला. जन्मापासून बोलतोय, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं. तिथूनच त्यानं आईला फोन लावला. तिनंही तिन्ही 'के' बरोबर जागी म्हटले आणि काळजीनं विचारलं, "कुणाचे बैल विकले?" डिंकांची लग्नं गुरं देऊन होतात, बैल विकल्याची बातमी तिथं साधी नव्हे.

आपल्याकडे व्याकरण मार्कांपुरतं पाठ करून घेतात, हे मला फार खुपतं. मुलांना आजीचं बोलणं ऐकून नियम शोधायला लावा ना!

तर, लांब जाणारा शब्द एका उडीत जात नाही, एसटीसारखा टप्प्याटप्प्यानं थांबत जातो, असं भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींनी १९७३ मध्ये मांडलं. पुष्कळ भाषांत थांब्यावर काहीच ऐकू येत नाही. डिंकात येतं. कोपे व्हान उर्क आणि नॉर्विन रिचर्ड्स या भाषाशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये बोरच्या बोलीतून हे दाखवून दिलं. 'के' अनेकवचनाचा, एका बैलाला तो नाही. पण दुसरी खूण दोन्हीकडे आहे. सहायक क्रियापद असलं की मुख्य क्रियापदाआधी एरवी कर्म बसतं. प्रश्नाचा शब्द तिथून गेला, की वाटेतल्या प्रत्येक वाक्यात ती जागा रिकामीच राहते, दुसऱ्या कुणाला घेता येत नाही.