पुलाखालची तार

[सीएसएमटी. वंदे भारत फलाट सोडते.]
सोलापूरला निघालेली ही गाडी २५ हजार व्होल्टच्या एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर धावते. २०१५ च्या आधी ती इथं आणून उभी केली असती, तर जागची हलली नसती. डोक्यावरच्या तारेत तेव्हा १५०० व्होल्टची डीसी, एकाच दिशेनं वाहणारी वीज होती. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून, म्हणजे याच स्टेशनातून, कुर्ल्याला देशातली पहिली विजेची गाडी गेली, ती याच डीसीवर. ही डीसी काढून तारेत एसी आणली, त्याची ही गोष्ट.

[पुलाच्या पोटाखालची तार, जवळून.]
पूल आणि तार यांच्यातली ही फट बघा. १५०० व्होल्टला एवढी पुरायची. २५ हजार व्होल्टची वीज एवढ्या फटीतून थेट पुलावर झेप घेईल. मग पूल उचला, नाहीतर रूळ खाली घ्या. आणि मशीद बंदरच्या आसपास रूळ खाली घेणं म्हणजे पावसाळ्यात ते पाण्यात घालणं.

[रात्र. टॉवर वॅगन, माणसांना तारेपर्यंत उचलणारी गाडी. हेल्मेटवरचे दिवे.]
शेवटची लोकल गेली, की तारेवर काम करणाऱ्यांचा दिवस सुरू. हातात जेमतेम अडीच-तीन तास. आधी वीज बंद झाल्याचा निरोप, मग तारेत उरलेली वीज जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड, आणि मगच माणूस वर चढणार.

[हात. इन्सुलेटर. नटबोल्ट.]
तारेत वीज जुनीच, पण खांबाखांबावर २५ हजारांचे इन्सुलेटर आधीच चढवून ठेवायचे. एसी तारेमुळे शेजारच्या केबलमध्येही वीज उतरते, म्हणून सिग्नलच्या केबल बदलायच्या. पादचारी पूल, कुंपण, फलाटाचं छप्पर, जिथं लोखंड तिथं अर्थिंग. हे वर्षानुवर्षं चाललं, रोज रात्री थोडं थोडं. पहाटेच्या लोकलमध्ये बसलेल्याला त्याचा पत्ताही नसायचा. ही माणसं आपण खरं तर ओळखायला हवीत.

[हँकॉक पूल. गॅस कटरच्या ठिणग्या. क्रेन.]
सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल, १८७९ चा. उंचीला कमी पडला. जानेवारी २०१६ मध्ये १८ तासांचा ब्लॉक घेऊन तो उतरवला. नवा पूल २०२२ मध्ये खुला झाला, तोही अर्धाच. तोवर आजूबाजूचे लोक रूळ ओलांडत राहिले.

[हार्बर. एप्रिल २०१६.]
मेन लाइन जून २०१५ मध्येच बदलली होती. हार्बर ही दुसरी लोकल लाइन तेवढी मागे राहिली होती. ९ एप्रिलच्या रात्री कुर्ला-सीएसटी मार्गावर शेवटची डीसी लोकल धावली. वेग वाढवता आला, वीज वाचू लागली.

[रिकामा रूळ. तार.]
डीसी संपली, ती १९२५ ला जिथं सुरुवात झाली होती, त्याच हार्बरवर.