ज्यूसचं पाकीट मागून वाचायचं

(शाळेच्या पालकसभेत केलेलं बोलणं, थोडं आवरून लिहिलंय.)

नमस्कार मंडळी. मी फूड टेक्नॉलॉजी शिकवते. बाईंनी फोन केला तेव्हा म्हणाल्या की डब्यासोबत ज्यूसची पाकिटं फार यायला लागलीत, त्यावर बोला, म्हणून मी रिकामी पाकिटं धुवून सोबतच आणलीत, ही टेबलावर मांडलेली. ब्रँडच्या नावावर पट्टी चिकटवली आहे, कारण कुठली कंपनी चांगली कुठली वाईट हा आजचा विषयच नाही. पुढच्या बाजूने बघितलं तर सगळी सारखीच दिसतात, रसरशीत संत्री, कापलेला आंबा, पानासकट सफरचंद. मागे वळवलं की प्रत्येकाचं वेगळं निघतं, आणि आपण मागे वळवतच नाही.

पहिल्यांदा काय बघायचं, तर तो पदार्थ नेमका कोणता आहे त्याचं कायद्याने लिहावं लागणारं नाव. लहान अक्षरात असतं. ज्यूस लिहिलंय, नेक्टर (रसात किंवा गरात पाणी आणि बहुधा साखर घालून केलेलं) लिहिलंय, की फ्रूट ड्रिंक किंवा फ्रूट बेव्हरेज लिहिलंय? आपण सगळ्यालाच ज्यूस म्हणतो, दुकानदारही म्हणतो, पण एफएसएसएआयच्या, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमात फ्रूट ड्रिंकमध्ये फळाचा रस किमान १० टक्के असला तरी चालतो, आणि लिंबाचं असेल तर ५ टक्के. म्हणजे उरलेलं ९० टक्के बाकीचं असू शकतं, आणि ते बेकायदेशीर अजिबात नाहीये, तसं स्पष्ट लिहिलेलंही असतं, फक्त आपण वाचत नाही.

आता हे आंब्याचं घ्या. घटकांची यादी वाचते. पाणी. आंब्याचा गर, पुढे कंसात टक्केवारी, ती बऱ्याचदा वीसच्या आत असते. साखर. मग आम्लता नियंत्रक ३३०, ते सायट्रिक अ‍ॅसिड. अँटिऑक्सिडंट ३००, म्हणजे व्हिटॅमिन सीच, पण इथे ते मुख्यतः रंग आणि चव टिकावी म्हणून घातलंय. काहींत वरून रंग आणि फ्लेवरही असतो. यादीत जे वजनाने सगळ्यात जास्त ते आधी लिहावं लागतं, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली तरी पुष्कळ कळतं. आणि कोकणातल्या माणसांना वाईट वाटेल पण सांगते, या ड्रिंकमध्ये बहुतेक वेळा हापूस नसतो, तोतापुरी असतो, चित्तूर-कृष्णगिरी भागातला, तो भरपूर गर देतो आणि परवडतो. त्यात खोटं काही नाही, तोतापुरीसुद्धा आंबाच आहे, पण मनात चित्र रत्नागिरीचं ठेवून आपण पैसे देतो.

आता साखर. लेबलवर आकडा बहुतेक १०० मिलीचा असतो आणि पाकीट असतं २०० मिलीचं, त्यामुळे दुप्पट करायचं हे डोक्यात पक्कं ठेवा. आंब्याच्या ड्रिंकमध्ये १०० मिलीला साधारण १२ ते १५ ग्रॅम साखर. समजा १४ धरली, तर एका पाकिटात २८ ग्रॅम, म्हणजे पाच-साडेपाच चमचे. चहात कुणी मुलाला पाच चमचे साखर घालून देईल का? नाही देणार. आणि याच पाकिटावर टक्क्यांचा एक रकाना असतो, रोजच्या गरजेच्या किती टक्के तो. तो काढलाय मोठ्या माणसाच्या २००० कॅलरीच्या हिशोबाने, त्यात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा ५० ग्रॅम धरलेली असते. बहुतेक साखर वरून घातलेली असेल तर तिथे पन्नास-पंचावन्न टक्के दिसतील, आणि आपल्याला वाटतं चला अर्धंच आहे. पण पाकीट पिणारं पोर पाच वर्षांचं आहे, त्याची दिवसाची गरज आहे साडेतेराशे कॅलरी, त्याच्या दहा टक्के म्हणजे ३४ ग्रॅम. एका पाकिटात जवळपास त्याचा दिवस संपला, अजून बिस्किट, जॅम, संध्याकाळचं दूध सगळं बाकी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी मर्यादा सांगितली ती हीच, एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत.

इथे नेहमी कुणीतरी म्हणतं की मॅडम आम्ही ड्रिंक घेतच नाही, आम्ही 'नो अ‍ॅडेड शुगर'वालं महाग घेतो. मला या पाकिटाबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण काळजी करणारे आईबाबाच इथे फसतात. त्यात वरून साखर घातलेली नाही हे खरं आहे. पण सफरचंदाच्या रसात मुळातच १०० मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर असते, संत्र्यात आठ-नऊ, डाळिंबात बारा-तेरा, द्राक्षात तर चौदाच्या आसपास. आणि कोलामध्ये किती? साधारण साडेदहा ते अकरा. म्हणजे द्राक्षाच्या शुद्ध रसात कोलापेक्षा जास्त साखर आहे. लेबलवर मात्र 'अ‍ॅडेड शुगर' समोर शून्य दिसतं आणि आपण निर्धास्त होतो. त्याच्या वरची ओळ वाचायची, 'टोटल शुगर'. जागतिक आरोग्य संघटना फळाच्या रसातली साखर 'मोकळ्या साखरेत'च मोजते, म्हणजे ती दहा टक्क्यांची मर्यादा ज्या साखरेला आहे तिच्यात, मधातली आणि पाकातली मोजते तशीच. घरी मिक्सरवर काढून गाळलेला रसही त्यातच आला, आणि रसवंतीवरचा उसाचा रस तर आलाच आला. अख्ख्या फळातली साखर मात्र त्यात धरत नाहीत.

आणि मिक्स फ्रूट हा प्रकार बघा. पुढे पाच-सहा फळांची चित्रं, मागे यादीत बहुतेक वेळा सगळ्यात वर सफरचंद किंवा द्राक्ष, कारण ते स्वस्त आणि गोड, बाकीची फळं थोडी थोडी. अजून एक, 'फ्रॉम कॉन्सन्ट्रेट'. रस आटवून घट्ट करायचा, सफरचंदाचा तर साधारण ७० टक्के घनतेपर्यंत आटवतात, म्हणजे वाहतूक स्वस्त पडते, मग कारखान्यात पाणी घालून परत पातळ करायचा. घटकांत 'पाणी, सफरचंद रस कॉन्सन्ट्रेट' असं दिसलं की समजायचं. अशा रसावर '१०० टक्के फ्रूट ज्यूस' लिहू नका, असा आदेश एफएसएसएआयने जून २०२४ मध्ये काढला, आणि त्याच वेळी हेही बजावलं की किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त गोडी वरून घातली असेल तर 'स्वीटन्ड ज्यूस' असं लिहायलाच पाहिजे. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं, पण झालं ते चांगलं झालं.

मग फळ आणि रस यात फरक तरी काय, साखर तर तीच, असा प्रश्न येतो. फरक दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे फायबर. सफरचंद सालासकट खाल्लं तर १०० ग्रॅमला दोन-अडीच ग्रॅम फायबर मिळतं, गाळलेल्या रसात जवळपास काहीच नाही. दुसरा फरक वेगाचा. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांचा एक छोटासा प्रयोग लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दहा माणसं, तेवढ्याच साखरेचं सफरचंद तीन रूपांत दिलं, अख्खं, पल्प करून आणि रस करून. रस अख्ख्या सफरचंदापेक्षा अकरा पट वेगाने पिऊन झाला. पोट भरल्यासारखंही सगळ्यात कमी वाटलं, इन्शुलिन जास्त वर गेलं आणि नंतर रक्तातली साखर झपकन खाली आली. आपल्या घरातलंच बघा ना, एक ग्लास संत्र्याच्या रसाला तीन-चार संत्री लागतात, तो ग्लास मुलगा दोन मिनिटांत संपवतो, पण तीच चार संत्री सोलून एका बैठकीत खा म्हटलं तर दुसऱ्या संत्र्यालाच नको म्हणेल. २०१३ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी पावणेदोन लाखांहून जास्त लोकांची माहिती बघून मांडलं होतं की अख्खी फळं खाणाऱ्यांत टाइप टू डायबेटिसचा धोका कमी दिसतो आणि ज्यूस जास्त पिणाऱ्यांत थोडा वाढलेला दिसतो. असल्या अभ्यासातून शंभर टक्के कारण सिद्ध होत नाही, पण दिशा कळते.

आता पोषण. इथे ज्यूसवर अन्याय करायचा नाही. संत्र्याच्या चांगल्या पॅकेज्ड रसात व्हिटॅमिन सी बऱ्यापैकी टिकतं, २०० मिलीत मोठ्या माणसाची दिवसाची गरज बरीचशी भागते, ती पुरुषांना ८० आणि बायकांना ६५ मिलीग्रॅम धरतात. पोटॅशियमही मिळतं. पण सफरचंदाच्या रसात वरून घातलं नसेल तर व्हिटॅमिन सी नावापुरतंच असतं. आणि पेरू, आपला साधा पेरू, १०० ग्रॅमला दोनशे मिलीग्रॅमच्या वर देतो. टोमॅटोच्या रसात साखर तीन ग्रॅमच्या आसपास, फक्त मीठ बघून घ्यायचं. 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' हेही खरं असू शकतं, कारण रस काही सेकंद खूप तापवून निर्जंतुक पाकिटात भरतात, कागद-प्लास्टिक-अ‍ॅल्युमिनियमच्या थरांमुळे हवा-उजेड आत जात नाही, मग प्रिझर्व्हेटिव्हची गरजच पडत नाही. ही पॅकिंगची करामत आहे, त्याने साखर कमी होत नाही.

डाळिंबाबद्दल थोडं थांबते, कारण आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी आलं की पहिली गोष्ट डाळिंबाचा ज्यूस. सासूबाई सांगतात, शेजारीण सांगते, आता तर पाकिटंही मिळतात. रंग लाल आहे म्हणून रक्त वाढेल असं वाटतं. डाळिंबाच्या १०० ग्रॅम दाण्यांत लोह अर्धा मिलीग्रॅमसुद्धा नसतं, रसात त्याहून कमी, आणि बाईची रोजची गरज २९ मिलीग्रॅम धरली जाते. गरोदर मुलीला रोज दोन ग्लास हा रस पाजला तर तिला साखर पन्नास ग्रॅम मिळते आणि लोह जवळजवळ काहीच नाही, त्यातून तिला जेस्टेशनल डायबेटिस, म्हणजे गरोदरपणात होणारा मधुमेह असेल तर अजून पंचाईत. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी, मटकीची उसळ, हळीव, त्यावर लिंबू पिळा, लिंबातल्या सी व्हिटॅमिनने लोह शोषलं जातं. डाळिंब आवडतं म्हणून दाणे खा, सोलापूर-सांगोल्याची डाळिंबं आहेतच तशी, पण औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नका, कळकळीने सांगते.

अजून एक गोष्ट, ती तर जिवावरची आहे. जुलाब झाले की मेडिकलमधून फळांच्या चवीचं इलेक्ट्रोलाइट ड्रिंक आणून मुलांना पाजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये एका लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि ठरलेलं मीठ असतं, त्याच प्रमाणामुळे आतड्यातून पाणी आत ओढलं जातं. अशा गोड पेयांत लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपासही साखर असू शकते, मीठ अगदी कमी. इतकी साखर आतड्यात गेली की ती उलट पाणी बाहेर खेचते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाई अशी ड्रिंक ओआरएस म्हणून विकू नयेत म्हणून वर्षानुवर्षं मागे लागल्या होत्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने सांगितलं की फॉर्म्युला पाळत नसाल तर ड्रिंकच्या नावात ओआरएस हा शब्द वापरता येणार नाही. घरी खऱ्या ओआरएसची पुडी आणून ठेवा, काही रुपयांना मिळते, मागे डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघा, आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा, कमी पाण्यात नाही.

किती द्यायचा मग, असं या ताई विचारतायत. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते दोन वर्षांच्या आतल्या बाळाला ज्यूस नकोच. दोन ते पाच वर्षांला दिवसाला १२५ मिलीच्या वर नको, आणि पुढे २५० मिलीच्या वर नको, तोही शक्यतो ताजा. म्हणजे बालवाडीतल्या मुलासाठी २०० मिलीचं एक पाकीटसुद्धा जास्तच झालं. डब्यात द्यायचंच तर पाण्याची बाटली आणि एक केळं, किंवा पेरूच्या फोडी चाट मसाला लावून, सुट्टीच्या दिवशी कधीतरी ज्यूस. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, कुठल्या पेयात किती साखर ते मुलांना दिसेल असं. आपली शाळा त्या बोर्डाची नसली तरी एक फळा लावायला कुणाची हरकत असणार, मुलांनीच घरची रिकामी पाकिटं आणून गुणाकार करावेत.

शेवटचा प्रश्न काकांचा. त्यांना शुगर आहे, इन्शुलिन घेतात, मग घरात ज्यूस ठेवायचाच नाही का? काका, तुमच्या घरात एक छोटं पाकीट पाहिजेच. रक्तातली साखर ७० च्या खाली आली, घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर तेव्हा रस लवकर चढतो म्हणूनच उपयोगी. साधारण १५ ग्रॅम साखर लागते, म्हणजे दीडशे मिलीच्या आसपास, पिऊन पंधरा मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, तरी कमी असेल तर परत तेवढंच. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ दवाखाना. आणि ते पाकीट घेताना मागे वाचा, 'लाइट' किंवा 'झिरो' लिहिलेलं, सुक्रालोज (साखरेऐवजी वापरतात ती कृत्रिम गोडी) घातलेलं घेऊ नका, त्याने साखर वर येणार नाही. काकूंना आणि नातवंडांना सांगून ठेवा ते फ्रिजच्या दारात कुठल्या कप्प्यात आहे आणि ते कुणी पिऊन टाकायचं नाही.