दोन तास काम, मग सराव

मंडळी, विल्मा रुडॉल्फ हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं असणार. लहानपणी पोलिओ, पायाला ब्रेस, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं. प्रेरणादायी भाषणं देणाऱ्यांचा हा हुकमी एक्का आहे. माझी तक्रार एवढीच, की या गोष्टीतला पोलिओ सगळ्यांना आठवतो, पण विल्मा कोणत्या कॉलेजची, हे कुणी विचारत नाही. रोममध्ये चार बाय शंभरची रिले जिंकणाऱ्या अमेरिकेच्या चारही मुली एकाच कॉलेजच्या होत्या. देशाचा संघ म्हणायचा, पण चौघी रोज सराव करायच्या त्या एकाच मातीवर. त्याच मातीत विल्मानंतर आलेल्या वायोमिया टायसबद्दल मी आज बोलणार आहे.

कॉलेज म्हणजे नॅशव्हिलचं टेनेसी स्टेट. तेव्हाचं कृष्णवर्णीयांसाठीचं सरकारी विद्यापीठ. तिथे मुलींच्या अ‍ॅथलेटिक्स संघाला प्रशिक्षक होते एड टेंपल. १९५० मध्ये ते आले, ते कॉलेजचं पोस्ट ऑफिस सांभाळायला आणि सोबत मुलींचा धावण्याचा सराव घ्यायला, महिना दीडशे डॉलर्सवर. पुढे ते तिथे समाजशास्त्र शिकवू लागले. ट्रॅक मातीचा, त्यावर आखलेल्या रेषासुद्धा नाहीत. टेंपल स्वतःच्या खिशातून खर्च करून त्या आखून घ्यायचे. स्पर्धेला जायचं तर मुलींना गाडीत बसवून स्वतः गाडी चालवत न्यायचे. दक्षिणेत तेव्हा वर्णभेद कायद्याने चालायचा. वाटेत कुठल्याही हॉटेलात जेवता येईल, कुठल्याही पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह वापरता येईल, असं नव्हतं. म्हणून डबे बांधून घ्यायचे आणि गरज पडली की रस्त्याकडेला शेतात गाडी थांबवायची. असा सगळा प्रवास करून पोचल्यावर शंभर मीटर पळायचं, आणि तेही जिंकण्यासाठी.

शिस्त मात्र कडक. सरावाला जितकी मिनिटं उशीर, तितक्या जादा फेऱ्या. विल्मा एकदा अर्धा तास उशिरा आली आणि तिला तीस फेऱ्या माराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधीच हजर.

आता टायस. जन्म १९४५, जॉर्जियातल्या ग्रिफिन गावचा. वडील एका डेअरी फार्मवर कामाला, आई लाँड्रीत. तीन भावांच्या पाठीवरची ही एकटी मुलगी. भावांनी खेळायला जाताना हिलाही बरोबर घ्यायचं, अशी वडिलांची ताकीद होती. चौदाव्या वर्षी त्यांचं घर जळालं, पुढच्या वर्षी वडील गेले. त्यानंतर आपलं बोलणंच आटलं, असं तिने पुढे सांगितलंय. टेंपलनी तिला शाळेच्या राज्य स्पर्धेत पाहिलं आणि उन्हाळ्याच्या शिबिराला नॅशव्हिलला बोलावलं. जॉर्जियाच्या उकाड्याची सवय असलेल्या मुलीलाही तो उन्हाळा जड गेला असणार, कारण सराव पहाटे पाचला सुरू व्हायचा आणि दिवसातून तीनदा व्हायचा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अमेरिकन कॉलेज खेळाडू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भरघोस शिष्यवृत्ती येते. मुलांसाठी ते खरंही होतं. मुलींसाठी तसं काही नव्हतं. शिक्षणसंस्थांमध्ये मुलगा-मुलगी असा भेदभाव करायला बंदी घालणारा 'टायटल नाइन' हा कायदा आला १९७२ मध्ये. टायसला मिळाली ती 'वर्क एड': रोज दोन तास कॉलेजात काम करायचं, त्याच्या बदल्यात शिक्षण. म्हणजे वर्ग, दोन तास नोकरी, आणि मग सराव. टेंपल मुलींना पदकाचं नव्हे, पदवीचं आमिष दाखवायचे, आणि मला वाटतं व्यवहार म्हणून तेच शहाणपणाचं होतं. धावून पोट भरण्याची सोय तेव्हा कुणालाच नव्हती. पैसे घेतले की हौशी खेळाडूचा दर्जा गेला, आणि त्याबरोबर ऑलिंपिकही. त्यांच्या हाताखालून चाळीस मुली ऑलिंपिकला गेल्या आणि जवळपास सगळ्या पदवीधर झाल्या. या संघाला 'टायगरबेल्स' म्हणत.

१९६४, टोकियो. शंभर मीटरमध्ये सगळ्यांची नजर होती ती टायसची मैत्रीण आणि संघातलीच सहकारी एडिथ मॅग्वायरवर. टायस एकोणीस वर्षांची. तुझी वेळ १९६८ ला, असं टेंपल तिला सांगत होते. उपांत्यपूर्व फेरीत तिने ११.२ सेकंदांत विल्माच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली, आणि अंतिम शर्यतीत ११.४ ने सुवर्ण घेतलं. मॅग्वायर ११.६, दुसरी. शंभर मीटरमध्ये दोन दशांशांचा फरक म्हणजे जवळपास दीड-दोन मीटर. कोण जिंकलं हे ठरवायला फोटो बघायची गरज पडत नाही. मॅग्वायरनेही मग दोनशे मीटरचं सुवर्ण घेतलं, आणि रिलेत पोलंडच्या मागे दोघींना रौप्य मिळालं.

मेक्सिको सिटी, ऑक्टोबर १९६८. अंतिम शर्यतीआधी आभाळ भरून आलेलं, पाऊस केव्हाही येईल असा. बाकीच्या सात जणी ताणाखाली, आणि टायस सुरुवातीच्या ब्लॉकच्या मागे तेव्हाच्या एका नाचाच्या स्टेप्स करत होती. अंग सैल राहावं म्हणून! मग ११.० सेकंद, नवा विश्वविक्रम. ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण राखणारी ती पहिली व्यक्ती. बाई नव्हे, व्यक्ती म्हणतोय मी. तोवर कुठल्या पुरुषालाही ते जमलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचेच कृष्णवर्णीय धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी वर्णभेदाच्या निषेधार्थ विजयमंचावर काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या. ते छायाचित्र जगाला पाठ आहे. टायसने संघाच्या पांढऱ्या चड्डीऐवजी गडद रंगाची घातली होती, तोही निषेधच. पण तिकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्या निषेधामागच्या आंदोलनाच्या बैठकांमध्ये मुलींना कुणी विचारलंच नव्हतं. तरीही २० तारखेला रिलेचं सुवर्ण जिंकल्यावर पत्रकारांसमोर तिने ते स्मिथ आणि कार्लोस यांना अर्पण केलं. तोवर त्या दोघांची क्रीडाग्रामातून हकालपट्टी झाली होती, हे विसरू नका.

१९८८ मध्ये सोल ऑलिंपिकला शंभर मीटर जिंकलेला बेन जॉन्सन उत्तेजक सेवनात सापडला आणि कार्ल लुईसला लागोपाठ दुसरं सुवर्ण मिळालं. तेव्हा हे करणारा 'पहिला' म्हणून त्याचं कौतुक झालं. पहिला पुरुष, असं म्हणायला काय हरकत होती?

मेक्सिकोनंतर तेविसाव्या वर्षी टायसने स्पर्धा सोडल्या आणि लॉस एंजेलिसला नोकरी धरली. १९७३ मध्ये व्यावसायिक स्पर्धांचा एक नवा उपक्रम निघाला, त्यात ती परत उतरली. साठ यार्डांच्या शर्यती. पहिल्या वर्षी अठरापैकी आठ जिंकल्या, दुसऱ्या वर्षी बावीसपैकी बावीस. वय तिशीला टेकलेलं.

साहजिकच विचारावंसं वाटतं, १९७२ ला म्युनिकमध्ये ती असती तर? तिथे पूर्व जर्मनीच्या रेनाटे श्टेखरने ११.०७ मध्ये सुवर्ण जिंकलं. टायसचा मेक्सिकोतला वेळ, अधिकृत नोंदीत ११.० असलेला, विद्युत घड्याळावर ११.०८ होता. पण मेक्सिको सिटी सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे, तिथल्या विरळ हवेत कमी अंतराच्या धावपटूंना फायदा होतो, त्यामुळे ही तुलना मी फार ताणणार नाही. माझा कौल श्टेखरला. फरक मात्र दोन दशांशांचा पडला नसता.