बटणचं ऊन

(गॅलरी. सकाळ. कासव फळीवर चढू पाहतंय.)

पहिल्या झटक्यात जमत नाही. पुढचे पंजे लाकडात रोवायचे, मान ताणायची, मागून पाणी ढकलायचं. घसरली. परत एकदा.

चढली.

आता मागचे दोन्ही पाय बाहेर लांबवलेत, बोटं फाकवलीत, मान वर. पुढची वीस मिनिटं ती हलली नाही. आम्हीही कॅमेरा हलवला नाही.

डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरची ही गॅलरी. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या इथून कधीच हलल्या, आता इथे टाकी आहे. टाकीची मालकीण बटण. आली तेव्हा दहा रुपयांच्या नाण्याएवढी होती, म्हणून बटण. आज पाठीची लांबी २२ सेंटिमीटर.

डोळ्यामागचा लाल पट्टा बघा. त्यावरूनच या जातीला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. मूळ गाव अमेरिकेतलं मिसिसिपीचं खोरं. लुईझियानात या कासवांची पैदास करून पिल्लं परदेशी धाडली जातात. खुद्द अमेरिकेत मात्र ४ इंचांपेक्षा लहान कासव पाळायला विकायला १९७५ पासून बंदी आहे. लहान मुलं पिल्लं तोंडात घालायची आणि साल्मोनेलाचा संसर्ग व्हायचा. आपल्याकडे पिल्लू मिळतं ते प्लॅस्टिकच्या डब्यात, सोबत प्लॅस्टिकचाच माड. तसल्या दुकानात आम्हाला कॅमेरा नेऊ दिला नाही. या घरातला डबा मात्र अजून शाबूत आहे. त्यात आता कपड्यांचे चिमटे असतात.

(बंद सरकती काच. काचेतून आलेलं ऊन.)

सुरुवातीची दोन वर्षं टाकी या काचेच्या आत होती. ऊन यायचं, आजोबांना वाटायचं, झालं की काम. आणि बटणची पाठ मऊ पडत चालली. खिडकीची काच उजेड आत सोडते, पण अतिनील किरणांतले ‘बी’ प्रकारचे (यूव्ही-बी) जवळजवळ सगळे अडवते. ते अंगावर पडले नाहीत तर कासवाच्या शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम हाडांना लागत नाही. कासवाचं कवच हे हाडच, कणा आणि बरगड्या त्यातच जुळलेल्या असतात. डॉक्टरांकडच्या फेऱ्या आमच्या चित्रीकरणाआधीच्या. त्या फेऱ्यांनंतर घरात आला तो हा अतिनील किरण देणारा नळीचा दिवा.

या नळीवर आम्ही मुद्दाम थांबतोय. तिच्या टोकाला कागदाची पट्टी आहे, त्यावर आजोबांच्या अक्षरात तारीख. नळी पेटत राहते, पांढरा उजेड देत राहते, पण त्यातले अतिनील किरण काही महिन्यांत मंदावतात. डोळ्यांना पत्ता लागत नाही. म्हणून ही तारीख. कासव घेताना दुकानदार खाणं विकतो, खडे विकतो, माड विकतो. या नळीबद्दल या घराला कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

(रविवार. बादल्या.)

आदल्या रात्री भरून ठेवलेलं पाणी, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. एक पारदर्शक पाइप. त्याचं एक टोक टाकीच्या तळाशी, दुसरं खाली बादलीत. गाळ आपोआप ओढला जातो. सगळं पाणी काढत नाहीत, साधारण तिसरा हिस्सा. मग फिल्टर उघडतो. आजोबा स्पंज घेऊन मोरीकडे निघतात आणि आतून नातीचा आवाज, "आजोबा, नळाखाली नको!" बरोबर आहे तिचं. विष्ठेतून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजात असतात, नळाच्या पाण्यानं ते मरतात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळायचा. उरलेलं हिरवट पाणी कुंड्यांना. जास्वंद कशी फुललीय ते दिसतंयच. यानंतर साबणानं हात, दोघांचेही.

(पाण्यावर तरंगणारं पांढरं काहीतरी.)

हे समुद्रफेन, माकुलाच्या आतला तो पांढरा, हलका भाग. बटण येता-जाता कुरतडते, कॅल्शियम मिळतं. लहानपणी या कासवांना मांसाहार जास्त लागतो, वय वाढलं की पाला. हिला किसलेला लाल भोपळा, लेट्यूस, आठवड्यातून एकदा कोळंबी. वाळवलेल्या कोळंबीवरच वाढवलेल्या पिल्लांचे डोळे सुजतात, ‘अ’ जीवनसत्त्वाअभावी. घास गिळायला तिला पाणी लागतंच, म्हणून सगळं जेवण टाकीत.

आणि ही आजोबांची काड्यापेटी. आत अभ्रकासारखे पारदर्शक पापुद्रे आहेत. बटण वाढते तशी कवचावरची जुनी खवलं सुटतात. आजोबांनी पहिल्यापासूनची जपलीत, नखाएवढ्यापासून.

(तळ्याचा काठ. दुरून.)

आवरेनासं झालं की लोक ही कासवं तळ्यात सोडतात. तिथे ती आपल्या कासवांच्या वाट्याचं खातात. केरळात आता ती शोधून गोळा करावी लागतायत.

पुन्हा गॅलरी. नातीची बॅग दाराशी आहे, उद्या ती शिकायला बंगळूरला निघतेय. बटण आठ वर्षांची. नीट सांभाळलं तर ही जात तीस वर्षंही जगते. आजोबा एकाहत्तरचे.

(आजोबा जुनी नळी काढतात, नवी बसवतात. चष्मा कपाळावर सरकवून पट्टीवर तारीख लिहितात. निवेदन नाही.)